ज्यांना जमात नव्हती : साथीचे दिवस आणि आपला दानधर्म

साथीच्या रोगांचा विषय निघाला, की आपल्याकडची व्याख्याने आणि वाज ठरलेल्या वाटेने जातात. आधी हजरत उमर (रजि.) यांचा शामचा प्रवास येतो. अमवासच्या ताऊनची बातमी कळताच ते सरगहून मदिनेस परत फिरले, हजरत अबू उबैदा (रजि.) मात्र आपल्या लष्कराजवळ राहिले आणि त्याच साथीत वारले. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तेथे असाल तर पळून जाऊ नये, ही हदीस सांगितली जाते. एवढे झाले, की वक्ता एकदम २०२० सालात उतरतो. मधली तेरा शतके त्याला आठवत नाहीत.

आम्हाला त्यातली बावीस-तेवीस वर्षे फार महत्त्वाची वाटतात. १८९६ ते १९१८. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी मुंबईत, पुण्यात, कोकणात प्रत्यक्ष भोगलेली. मराठीत या काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक रँड, चापेकर बंधू आणि टिळकांच्या खटल्याभोवती फिरते. त्या दिवसांत मुसलमान काय करत होते, त्यांनी कोणाला दिले आणि कोणाला दिले नाही, हे आपणच कधी नीट विचारले नाही. त्यातला शेवटचा प्रश्न अडचणीचा आहे, म्हणून आम्ही त्यापाशीच जरा अधिक थांबणार आहोत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची कोठारे, त्यांत उंदीर आणि वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसे. कच्छी, भाटिया, मेमन, खोजे यांच्या पेढ्या याच आसपास. साथ पसरली तसा शहराचा धीर सुटला. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. आगगाड्या भरून गेल्या, कोकणच्या बोटी भरून गेल्या. आमच्या कोकणी मुसलमानांत खलाशी आणि गोदीतले कामकरी पुष्कळ. मुंबईत गावच्या जमातीची खोली आणि गावाकडे घर, अशी त्यांची दोन टोके. एक टोक धोक्याचे झाले, की दुसरे धरायचे. ज्यांना असे दुसरे टोक नव्हते, ते शहरातच राहिले.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. घरांच्या झडत्या, रोग्याला उचलून रुग्णालयात नेणे, नातलगांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे, रेल्वे स्थानकांवर बायकांची तपासणी, असे सगळे अधिकार त्यातून आले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणेही थांबवले गेले. लोकांना प्लेगइतकीच, कधी त्याहून जास्त, रुग्णालयाची भीती वाटे. तेथे माणसाला उलटे टांगून त्याची ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा घरोघर होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली ती याच भीतीतून.

या भीतीला आज हसणे सोपे आहे. मुसलमान कुटुंबाच्या जागी उभे राहून पाहिले, तर तिच्यातला खरा भाग दिसतो. परका पुरुष घरात शिरून बायकांच्या काखा-जांघा तपासणार. आजारी माणसाला कोणाच्या हातचे अन्न मिळेल ठाऊक नाही. आणि तो वारला तर गुस्ल कोण देईल, कफन कोण घालेल, जनाजाची नमाज होईल की नाही? मरणाची तयारी असलेला माणूसही बेवारस मरायला तयार नसतो.

येथे जमातींचा पैसा कामी आला. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. केवळ जोरजबरदस्तीने भागणार नाही हे समितीला लवकरच उमगले. निरनिराळ्या जातींनी आणि जमातींनी आपापली रुग्णालये उघडावीत, याला तिने मोकळीक दिली. पारशी, जैन, खोजा, मेमन अशा व्यापारी समाजांनी वर्गणी काढून तात्पुरती रुग्णालये उभी केली. जमातीचा मुखी किंवा पटेल वर्गणी ठरवी. नोंदवही आधीपासूनच होती, कारण लग्न, मयत, वाद-तंटे यांचा हिशेब जमात पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आली होती. पैसा गोळा करायची नळी तयारच होती, तिच्यातून आता औषध वाहू लागले. रोग्याजवळ घरचे माणूस बसू शके, अन्न आपल्या चालीचे असे, आणि मयत झालीच तर कब्रस्तानापर्यंत नेणारे खांदे आपले असत. औषधाने किती बरे झाले ते सोडा. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतेच. पण रोगी लपवण्याचे प्रमाण अशा सोयीने कमी होते, आणि साथीत हाच मोठा लाभ.

खोजा जमातीचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. डॉ. वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना ती दिली गेली. बाहेर मात्र लोक सुईला घाबरत होते आणि युरोपीय डॉक्टरांतही अनेकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. अशा वेळी तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह, जे तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते, हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. खर्चाची बाजू उचलली, आणि मुख्य म्हणजे आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा. मुंबईतल्या दहा-बारा हजार खोज्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेतली. पुढे १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. परळवरून जाताना या संस्थेच्या आरंभीच्या दिवसांत एका मुसलमान जमातीचा बंगला, पैसा आणि दंड गुंतलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? आम्ही शालेय पुस्तकांत ते कधी वाचले नाही. उर्दू शाळांच्या पुस्तकांतही नाही.

येथपर्यंतची हकीकत सांगून आम्ही थांबलो असतो, तर हा लेख एखाद्या सत्कार समारंभात वाचण्यासारखा झाला असता. पण त्याच मुंबईत, भायखळ्याच्या पुढे, मदनपुरा होता. तेथे हातमागावर विणणारे जुलाहे राहत. आजमगढ, बनारस, अलाहाबादकडून आलेले, १८५७ नंतरच्या वाताहतीत आणि विलायती कापडाच्या मारात आपला मुलूख सोडलेले. आज त्यांना आपण मोमिन किंवा अन्सारी म्हणतो. तेव्हाच्या सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख धर्मांध, भांडखोर असा येतो. आणि खेदाची गोष्ट अशी, की आपल्यातल्या शरीफ म्हणवणाऱ्या घरांतही त्यांच्याविषयीचे मत फारसे वेगळे नव्हते. मेमन पेढीवाला आणि मदनपुऱ्याचा विणकर शुक्रवारी एका सफेत उभे राहू शकत. पण पेढीवाल्याची वर्गणी ज्या वहीत लिहिली जाई, त्या वहीत विणकराचे नाव नव्हते. जमात म्हणजे जन्माने मिळणारी वही. ती नसेल त्याला सरकारी रुग्णालय आणि छावणी.

९ मार्च १८९८ रोजी प्लेगच्या झडतीचे पथक रिपन रोडवर एका जुलाहा घरात शिरले. बारा वर्षांची एक मुलगी आजारी होती. तिला प्लेग असावा असा संशय, म्हणून तिला रुग्णालयात न्यायचे ठरले. घरच्यांनी नकार दिला, शेजारी जमले, दगड चालले. पोलिसांनी गोळीबार केला. दंगल आसपासच्या भागांत पसरली आणि लष्कर बोलवावे लागले. दोन्ही बाजूंची माणसे मेली. गाडीवाल्यांनी आणि गोदीतल्या मजुरांनी काम बंद ठेवले. यानंतर सरकारने घरझडत्यांचा आग्रह सैल केला, हे खरे. ती सवलत साऱ्या शहराला मिळाली, आणि तिची किंमत मदनपुऱ्याने मोजली.

इतिहासकार या दंगलीकडे वसाहती सत्तेला झालेला विरोध म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. आम्हाला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. खोजा किंवा मेमन घरातली बारा वर्षांची मुलगी आजारी पडली असती, तर तिला जमातीच्या रुग्णालयात न्यायची वाट होती. त्या वाटेवर तिची आई सोबत असती. जुलाह्याच्या मुलीसाठी तशी वाट कोणी बांधली नव्हती. सरकारची बेपर्वाई तर होतीच, पण दोन-तीन मैलांवरच्या मुसलमान श्रीमंतीला ती मुलगी आपली वाटली नाही, हेही इतिहासात लिहायला हवे. लिहिणारे आपणच असू तर जास्त बरे.

पुण्यातही चित्र फार निराळे नव्हते. तेथे टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. रँडच्या खुनानंतर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण आजकाल अशा गोष्टी लोकांना खोट्या वाटतात. पण कोणत्याही जातीच्या रुग्णालयात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्याकडे पुण्यात एकच बाई गेली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यांच्यामागे जमातीची वही नव्हती की पेढीचा पैसा. दानाचा इतिहास लिहिताना आपण रकमा मोजतो. ही रक्कम कोणत्या रकान्यात धरायची, ते आम्हाला अजून सुचलेले नाही.

वीस वर्षांनी इन्फ्लुएंझा आला. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावर त्याची पहिली लाट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आणि भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. या खेपेस घरझडत्या झाल्या नाहीत, कारण सरकारने जवळजवळ हात वर केले होते. डॉक्टर महायुद्धावर गेले होते. औषधे वाटणे, दूध पोचवणे, तात्पुरते दवाखाने चालवणे ही कामे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि निरनिराळ्या समाजांच्या मंडळांनी केली. त्या साथीतली मुंबईची समाजवार आकडेवारी उपलब्ध आहे. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना तेव्हा ‘खालच्या जाती’ म्हटले जाई त्यांच्यात ६१.६.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. विषाणूला जात कळत नाही, असे आपण म्हणतो. त्याला खोलीतली माणसांची संख्या कळते, अंगातले रक्त कळते, दाराशी दूध घेऊन कोणी येते की नाही तेही कळते. मुसलमानांचा आकडा सवर्ण हिंदूंच्या जवळपास दिसतो, पण त्या १९.२ च्या आत मलबार हिलचा बोहरा आणि मदनपुऱ्याचा विणकर एकत्र मोजला गेला आहे. वेगळे मोजले असते तर काय दिसले असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता २०२०. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये मुसलमानांवर जे गुदरले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. तबलिगी जमातच्या दिल्लीतील मेळाव्यानंतर साऱ्या साथीचे खापर एका समाजावर फुटले. भाजीवाल्यांना नाव विचारून गल्लीतून हाकलले गेले. मुंबई महापालिकेने ३० मार्च रोजी सर्व कोरोना मृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि काही तासांत ते मागे घेतले. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे केले गेल्याचे मत नोंदवले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आणि याच दिवसांत आपल्या दानधर्माने, आमच्या मते, १८९७ ची भिंत काही ठिकाणी ओलांडली. भिवंडीचे शांतीनगर पाहा. यंत्रमागांची वस्ती, मदनपुऱ्याच्याच बिरादरीची माणसे. जून २०२० मध्ये तेथील मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेले मोफत उपचार केंद्र सुरू झाले. ज्या विणकरांना एके काळी कोणाच्या रुग्णालयात जागा नव्हती, त्यांच्या वस्तीतली मशीदच रुग्णालय झाली, आणि दारात जमात विचारली गेली नाही. पुण्यात आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी दिला. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानातून काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी मुसलमान मयतांचे दफन तर केलेच, पण ज्यांच्या घरचे येऊ शकत नव्हते अशा हिंदू मृतांना स्मशानात नेऊन अग्नीही दिला. एप्रिल २०२१ मध्ये नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी प्राणवायूचे टँकर आणण्यासाठी सुमारे ८५ लाख रुपये खर्च केले आणि परतफेड न घेता, ही आपली रमजानची जकात समजा, असे सांगितले.

या सगळ्यांत इचलकरंजीचे उदाहरण आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. त्या गावच्या मुसलमानांनी २०२० च्या रमजानमध्ये जकातीचे ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. त्यांनी स्वतःचे रुग्णालय काढले नाही. जे सरकारी, जे सर्वांचे, ज्यात आधी गोरगरीबच जातात, त्यात पैसा घातला. १८९७ मध्ये खोजा किंवा मेमन जमातीला हे सुचणे शक्य नव्हते, कारण सरकारी रुग्णालय तेव्हा परक्याचे होते.

यावर आपल्यात वाद आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जकातीचे आठ हक्कदार कुरआनात (सूरह तौबा, आयत ६०) सांगितले आहेत. हनफी फिकहात ‘तम्लीक’ची अट आहे. जकात एखाद्या हक्कदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे. इमारत, पूल, यंत्र यांवर ती खर्च करता येत नाही, असे बहुतेक उलेमांचे म्हणणे. मग अतिदक्षता विभागाची खाट कोणाच्या मालकीची? दुसरे अभ्यासक ‘फी सबीलिल्लाह’ या सातव्या हक्काचा अर्थ व्यापक करतात आणि सार्वजनिक हिताची कामे त्यात बसवतात. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याची आमची लायकी नाही. एवढेच दिसते, की तम्लीकची अट गरिबाच्या भल्यासाठी होती. त्याचा पैसा कोणी मधल्यामध्ये विटा-चुन्यात घालू नये म्हणून. ज्या वर्षी गरिबाला पैशापेक्षा श्वास हवा होता, त्या वर्षी ही अट कशी वाचायची, याचा विचार उलेमांनीच पुढे होऊन करायला हवा. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी नफ्ली सदका आणि लिल्लाहची वाट मोकळी आहेच. त्यात मालकीची अट नाही आणि घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो. वर्ष पूर्ण होण्याआधी जकात देता येते, या हनफी मताचा तर त्या टाळेबंदीत पुष्कळांनी लाभ घेतला.

दिल्या गेलेल्या पैशाची आणखी एक बाजू आहे. २०२० मध्ये दानाचा ओघ शिधावाटपाकडे गेला. तांदूळ, तेल, साखर, डाळ. पिशवी, आणि पिशवीसोबत छायाचित्र. ते गरजेचेच होते, पहिल्या दोन महिन्यांत तर जीव वाचवणारे. पण पिशव्या भरणाऱ्या संस्थांचे काय? कंपन्यांच्या सामाजिक निधीचा मोठा वाटा पंतप्रधानांच्या नव्या निधीकडे वळला, कारण तेथे दिलेला पैसा कायद्याने सामाजिक खर्चात धरला गेला. मुख्यमंत्री निधीला ती सवलत नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला असा पैसा पुढे देण्यावर बंदी आली. वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्था दोन्हीकडून कोरड्या पडल्या. मदरशांचे तर सारे वर्ष रमजानच्या चंद्यावर चालते. सफीर पावतीपुस्तक घेऊन निघतात आणि गावोगाव फिरतात. त्या वर्षी गाड्या बंद, सफीर घरी, पावतीपुस्तके कोरी. मौलाना आणि हाफिज मंडळींपैकी कित्येकांनी भाजी विकली.

मशिदीही बंद होत्या. जुम्याची पेटी बंद, म्हणजे इमाम-मुअज्जिनांचा पगार बंद, हा साधा हिशेब आपल्या लक्षात उशिरा आला. आमच्या ओळखीच्या एका लहान मशिदीचे मुअज्जिन टाळेबंदीभर पाच वेळा रिकाम्या मशिदीत अजान देत राहिले. खिडकीतून आम्ही ती ऐकत होतो, आणि रात्री आम्हीच वर्गणी काढून इतरांसाठी शिध्याच्या पिशव्या बांधत होतो. त्यांच्या घरी पिशवी पाठवावी हे कोणाला सुचले नाही. ते मागणाऱ्यांत नव्हते, आणि आमच्या यादीत तर नव्हतेच. पुढे मशीद उघडली, कमिटीची बैठक झाली, तेव्हा जमाखर्चाच्या वहीत त्यांच्या नावापुढे चार महिन्यांची बाकी दिसली. कोणीतरी म्हणाले, एकदम देऊ या. कोणीतरी म्हणाले, हप्त्याने देऊ. ती बाकी फिटायला पुढचा रमजान उजाडला.